पाळीची पोटदुखी आणि शाळेचं मैदान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीटीच्या तासाला जे खेळत नाहीत त्यांचं कारण हजेरीपटात लिहायची आमच्या शाळेत पद्धत आहे. ताप, पाय मुरगळला, बूट नाहीत, आणि मुलींच्या नावापुढे सगळ्यात जास्त वेळा ‘पो. दु.’, म्हणजे पोटदुखी. एका वर्षाअखेरीला ते पट चाळत होते आणि नववीतल्या एका मुलीच्या ओळीवर बोट थांबलं. जुलैत पो. दु., ऑगस्टात पो. दु., सप्टेंबरात पो. दु., दर वेळी साधारण चार आठवड्यांच्या अंतराने. लिहिलेलं माझंच, अक्षरही माझंच. मी स्वतः बाई, शाळेपासून खो-खो खेळलेली, तरी त्या दोन अक्षरांकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं.

त्यानंतर पालकसभेत, सरावाला आणि फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे एकत्र केलेत. मी डॉक्टर नाही. गोळ्यांचा डोस इथे शोधू नका, तो डॉक्टरांनाच विचारा.

पाळीत पोट दुखतं म्हणजे आत नेमकं काय होतं?

गर्भाशय ही स्नायूंची पिशवी आहे. पाळीच्या वेळी तिचं आतलं अस्तर सुटतं आणि तेव्हा प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. ती त्या स्नायूंना आवळायला लावतात. स्नायू घट्ट आवळला की त्याचा रक्तपुरवठा थोडा वेळ कमी पडतो आणि कळ येते. धावताना पोटरीत गोळा येतो ना, त्याच जातीचं हे दुखणं, फक्त ओटीपोटात. ज्या मुलीच्या शरीरात ही रसायनं जास्त तयार होतात तिला कळा जास्त. तीच रसायनं आतड्यावरही काम करतात, म्हणून काही जणींना त्याच दिवशी जुलाब, मळमळ, उलटी होते. कंबर धरते, मांड्या भरून येतात. जोर पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि बहुतेकींचं दोन-तीन दिवसांत ओसरतं.

सातवीत पाळी आली तेव्हा काहीच दुखत नव्हतं. आता आठवीत रडते. नाटक तर नाही ना?

नाही. हा प्रश्न आया विचारतात तेव्हा त्यांच्या आवाजात राग कमी आणि गोंधळ जास्त असतो, म्हणून सविस्तर सांगते.

पाळी सुरू झाल्यावर पहिले काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षंही, बऱ्याच मुलींच्या अंडाशयातून दर महिन्याला बीज बाहेर पडत नाही. अशा पाळीत कळा फारशा येत नाहीत. पुढे चक्र बसतं, दर महिन्याला बीज सुटू लागतं आणि मग दुखणं सुरू होतं. म्हणजे दुखायला लागणं हे बहुतेक वेळा चक्र नियमित होत असल्याचं लक्षण असतं.

मैदानाच्या बाजूने पाहिलं तर ही वेळ फार वाईट जुळून येते. शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील अशा गटांत होतात. चौदाच्या गटात जी मुलगी वाऱ्यासारखी पळत होती ती सतराच्या गटात जाते तेव्हाच तिच्या कळा सुरू होतात. त्याच वर्षी सराव वाढतो, समोरच्या मुली उंच आणि दणकट असतात, घरी दहावीचं बोलणं सुरू होतं. मग ‘तिचा खेळ गेला’ असं आम्ही प्रशिक्षक म्हणून मोकळे होतो. महिन्यातले दोन दिवस दुखतंय म्हणून गेला, हे कुणी तपासत नाही.

पाळी चालू असताना खेळावं की खेळू नये?

खेळलं तर शरीराला अपाय होत नाही. नाही खेळलं तरी काही बिघडत नाही. हे ठरवायचं कुणी, एवढाच वाद आहे.

आपल्याकडे मुलीला ‘बाहेर बस’ दोन ठिकाणी सांगितलं जातं. घरात कावळा शिवला म्हणून, आणि मैदानावर ‘आज तिला बरं नाही’ म्हणून. दुसरं सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण चौकटीबाहेर दप्तरं सांभाळत बसलेल्या मुलीला दोन्हींत फारसा फरक वाटत नाही. याच्या उलट टोकाचे प्रशिक्षकही मी पाहिलेत. ‘आमच्या वेळी आम्ही कधी सांगितलंसुद्धा नाही, चल, दोन फेऱ्या मार.’ मी स्वतः काही वर्षं याच जातीची होते. एकदा असंच एका मुलीला दामटून पळवलं. तिसऱ्या फेरीला ती खांबापाशी ओकली आणि वर मलाच ‘सॉरी मॅडम’ म्हणाली. त्या सॉरीने मी गप्प झाले.

आता मी तीन गोष्टी विचारते, त्याही बाजूला घेऊन. दुखणं चालता येण्याइतकं आहे का? सकाळपासून काही खाल्लंस का? आणि आज तुला काय करायला जमेल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दर वेळी वेगळं येतं. कुणी म्हणते पळेन पण सूर मारणार नाही. कुणी म्हणते उकिडवं बसवत नाही, पण संरक्षणाला उतरते. खो-खोत हे बसवता येतं. संरक्षणाला तीन-तीन जणींच्या तुकड्या उतरतात, तेव्हा तिला शेवटच्या तुकडीत ठेवायचं. बऱ्याचदा तिची पाळी येण्याआधी डाव संपतो. (पाळी म्हणजे खेळायची पाळी. या शब्दाने आमच्या मैदानावर फार विनोद होतात.) कबड्डीत सात जणी मैदानात आणि पाच राखीव असतात. तिला चढाईऐवजी बचावाला ठेवता येतं, मधेच बदलता येतं. धावण्याच्या शर्यतीत मात्र अशी पळवाट नाही. तिथे पळायचं किंवा नाही पळायचं.

आणि एखादी म्हणाली, ‘आज काहीच नको’, तर काहीच नको.

व्यायामाने पाळीचं दुखणं कमी होतं, हे खरं का?

बऱ्यापैकी खरं. २०१९ साली कॉक्रेन या संस्थेने या विषयावरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला होता. आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस, पाऊण ते एक तास व्यायाम करणाऱ्या बायकांना पाळीच्या कळा कमी जाणवल्या, असं त्यात दिसलं. मात्र त्या प्रयोगांचा दर्जा फार भक्कम नव्हता, हेही त्यातच नोंदलेलं आहे.

यातला ‘आठवड्यातून तीन दिवस’ हा भाग लोक विसरतात. हा फायदा महिनाभर केलेल्या व्यायामाचा आहे. पोट धरून बसलेल्या मुलीला त्या क्षणी ‘पळ, बरं वाटेल’ म्हणणं म्हणजे परीक्षेच्या हॉलमध्ये ‘वर्षभर अभ्यास कर’ सांगण्यासारखं आहे. काहींना त्या दिवशी हलकं चालून खरंच मोकळं वाटतं. ज्यांना वाटतं त्यांनी चालावं.

गोळी घेतली तर सवय लागते का?

या एका भीतीपायी मुली सर्वाधिक तास वर्गाबाहेर आणि मैदानाबाहेर काढतात.

पाळीच्या कळांसाठी डॉक्टर सहसा मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन देतात. या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होण्यावरच रोक लावतात, म्हणजे दुखण्याच्या मुळावर काम करतात. यांचं व्यसन लागत नाही. महिन्यातून एक-दोन दिवस, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात घेतल्याने पुढे मूल व्हायला अडचण येते, असंही काही नाही.

चूक होते ती वेळेत. मुलगी सकाळी ‘बघू, थांबेल’ म्हणते, दुपारी असह्य झालं की गोळी घेते, आणि मग ‘गोळीने फरक पडत नाही’ असा घरात शिक्का बसतो. रसायनं तयार होऊन गेल्यावर त्यांना अडवणारी गोळी उशिराच पोचणार. कळ सुरू होताच, किंवा पाळी येतेय असं कळताच घेतली तर ती जास्त काम करते. परिणाम दिसायला अर्धा-पाऊण तास लागतो.

दुसरी चूक रिकाम्या पोटाची. तालुक्याच्या स्पर्धेला आम्ही सकाळी सहाच्या एसटीने निघतो. मुली चहा-बिस्किटावर किंवा तेवढ्यावरही नाही. अशा पोटात ही गोळी गेली की जळजळ, मळमळ ठरलेली. आधी पोळी-भाजी, केळं, काहीही खा, मग गोळी. आणि दिवसभर पाणी पीत राहा. उन्हात घामाने शरीर सुकलेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. मैदानाशेजारी स्वच्छतागृह नाही म्हणून मुली पाणीच पीत नाहीत, तो प्रश्न वेगळा आणि त्याहून मोठा.

आणखी काही गोष्टी डोक्यात ठेवा. औषधाच्या दुकानात ‘पाळीची गोळी द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा मेफेनॅमिक ॲसिड आणि डायसायक्लोमिन एकत्र असलेली गोळी हातात पडते. डायसायक्लोमिनने तोंड कोरडं पडतं, घाम कमी येतो, काहींना गुंगी येते किंवा नजर अंधुक होते. उन्हात धावणाऱ्या मुलीसाठी हे चांगलं नाही, तेव्हा मुलगी खेळाडू आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनॅमिक ॲसिडच्या एका दुर्मीळ पण गंभीर ॲलर्जीबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती. गोळीनंतरच्या दिवसांत-आठवड्यांत अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं असं काही दिसलं तर गोळी बंद आणि लगेच डॉक्टर. दमा किंवा पोटात अल्सर असेल तर विचारल्याशिवाय घेऊच नका. लहान मुलींना ॲस्पिरिन तर नकोच. आणि आपल्या शालेय स्पर्धा नेमक्या पावसाळ्यात आणि नंतरच्या डेंग्यूच्या दिवसांत येतात, म्हणून हेही : अंगात ताप असेल तर पाळीच्या दुखण्यासाठी यांपैकी कुठलीही गोळी घरच्या घरी घेऊ नका, ताप डेंग्यूचा निघाला तर या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

उत्तेजक चाचणीची काळजी असलेल्या थोड्या मुलींसाठी : आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिड बंदी असलेल्या औषधांच्या यादीत नाहीत.

आजी ओवा आणि गरम पाण्याची पिशवी सांगते. त्याने होतं का काही?

शेक हा खरोखरीचा उपाय आहे. उबेने आवळलेला स्नायू सैल होतो, आणि काही अभ्यासांत त्याचा परिणाम गोळीच्या जवळपास दिसलाय. ओव्याचं पाणी गरम असतं, पोटाला बरं वाटतं, घ्यायला हरकत नाही. डिंकाचा लाडू आवडत असेल तर जरूर खा, पण त्याच्या भरवशावर सामन्याला जाऊ नका.

मैदानावर पिशवी कुठून आणायची? आमच्याकडे खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडून गरम पाणी मिळतं. ते स्टीलच्या बाटलीत भरायचं, झाकण घट्ट, वरून नॅपकिनचे दोन वेढे, आणि बाटली ओटीपोटाला धरून दहा-पंधरा मिनिटं बसायचं. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीत हा प्रयोग करू नका. ती गरम पाण्याने चेपते, झाकण सुटतं आणि मांडी भाजते. आमच्याकडे एकदा झालंय.

सामन्याच्या दिवशीच पाळी येणार आहे. पुढे ढकलायची गोळी द्यावी का?

सण, लग्न, देवदर्शन यांसाठी घरातल्या बायका ही गोळी सर्रास घेतात, म्हणून मुलीलाही देऊ असं वाटतं. त्यात बहुधा नॉरएथिस्टेरॉन हे संप्रेरक असतं. पाळीच्या तारखेआधी काही दिवस सुरू करावं लागतं आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. मळमळ, डोकेदुखी, अंग फुगल्यासारखं वाटणं हे होऊ शकतं. रक्ताच्या गुठळीचा धोका क्वचित, पण असतो. घरात कुणाला तसा त्रास झाला असेल किंवा मुलीला अर्धशिशी असेल तर हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. मैत्रिणीच्या आईच्या पाकिटातली गोळी कधीही नको.

माझं मत विचाराल तर तालुक्याच्या सामन्यासाठी हे करू नये. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ही शिडी बाद पद्धतीची असते, एक सामना हरलात की वर्ष गेलं, हे मला कळतं. खेळाडूंना परीक्षेत मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांचं गणितही कळतं. पण सामन्यांच्या तारखा ऐनवेळी बदलतात. पाऊस पडला, मैदान ओलं, सामना चार दिवस पुढे, आणि मग गोळी बंद करून आणलेली पाळी नेमकी त्याच दिवशी हजर. त्यापेक्षा वेळेवर वेदनाशामक, शेक, पोटभर खाणं आणि राखीव खेळाडू तयार ठेवणं जमण्यासारखं आहे.

मोठ्या खेळाडूंनाही हे चुकलेलं नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चीनची जलतरणपटू फू युआनहुई रिले शर्यत चौथ्या क्रमांकावर संपल्यावर कॅमेऱ्यासमोर सरळ म्हणाली, की कालच पाळी आली, अंगात त्राण नव्हतं. तिच्या देशात पुष्कळांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की पाळीत पोहता येतं. २०२४ मध्ये पॅरिसला आपली मीराबाई चानू ४९ किलो गटात एकूण १९९ किलो उचलून चौथी आली. कांस्यपदक २०० किलोवर गेलं. पाळीचा तिसरा दिवस होता आणि अशक्तपणा जाणवत होता, असं तिने नंतर सांगितलं. ही बातमी मी मुलींना सांगितली तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, ‘मॅडम, तिने हे टीव्हीवर सांगितलं?’ एका किलोबद्दल कुणीच काही विचारलं नाही.

दुखण्यापेक्षा डाग पडायची भीती जास्त आहे. काय करू?

तू एकटी नाहीस. मुलींशी बोलले तेव्हा निम्म्या ‘पो. दु.’च्या मागे हीच भीती निघाली. खो-खोत पाटीवर उकिडवं बसायचं, तिथून उसळून उठायचं, सूर मारायचा, आणि अंगावर फिकट रंगाची हाफ पँट. मागे मुलांचा घोळका. कोण खेळेल?

पहिला उपाय शाळेच्या हातात आहे : खालचा कपडा गडद रंगाचा घ्या. विम्बल्डनसारख्या पांढऱ्या कपड्यांच्या हट्टी स्पर्धेने २०२३ पासून बायकांना आतली चड्डी गडद रंगाची घालायची मुभा दिली. आपल्या शाळेच्या गणवेश समितीला तेवढं जमायला हरकत नाही. आमच्याकडे नेव्ही ब्लू व्हायला दोन वर्षं आणि तीन सभा लागल्या. एका सभासदांचं म्हणणं होतं की पांढऱ्यात संघ ‘शिस्तबद्ध दिसतो’.

दुसरं, हाफ पँटच्या आत घट्ट सायकलिंग शॉर्ट घाल, पॅड जागचं हलत नाही. सामन्याआधी नवीन पॅड लाव आणि पुढे चार ते सहा तासांनी, जास्त जात असेल तर लवकर, बदल. एक जादा पॅड आणि एक जादा चड्डी दप्तरात कायम ठेव. मोठ्या मुलींपैकी काही जणी पाळीचा कप (आत बसवून रक्त गोळा करणारा) वापरतात. तो एकदा जमला की धावायला, पोहायला सोपा, पण सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा वापरून पाहू नये.

पॅडच्या किमतीबद्दल : जनऔषधी केंद्रात ‘सुविधा’ नावाचं पॅड एक रुपयाला एक मिळतं. राज्य सरकारने २०१८ च्या महिला दिनी अस्मिता योजना सुरू केली, तेव्हा जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना आठ पॅड पाच रुपयांत असा दर ठेवला होता. शाळेत एक डबा ठेवा आणि तो मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात ठेवू नका. किल्ली मागायला मुलगी कधीच जाणार नाही.

मी पुरुष आहे, पीटी शिकवतो. मुलीला विचारू कसं? आणि बहाणा करत असेल तर?

विचारायची गरज पडू नये अशी सोय करा. वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांसमोर एकदाच सांगा : पाळीमुळे दुखत असेल तर ‘मॅडम किंवा सर, आज हलकं’ एवढं म्हणायचं, कारण विचारलं जाणार नाही. मुलांसमोरही सांगा. खुसुखुसु हसतील. पंधरा दिवसांनी हसणं थांबतं. आमच्या शेजारच्या शाळेतल्या एका सरांनी हे इतक्या सहज सांगितलं की त्यांच्या मुली आता आमच्यापेक्षा त्यांच्याशी जास्त मोकळेपणी बोलतात. मला थोडा हेवा वाटतो.

बहाण्याचं म्हणाल तर काही मुली करतील. मुलगेही गुडघ्याचा बहाणा करतात, तेव्हा आपण गुडघा उघडून बघत नाही. खात्री करून घ्यायच्या फंदात पडूच नका. जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून पाचवी ते दहावीच्या मुलींना कपडे उतरवून तपासल्याची तक्रार झाली. पॉक्सो कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, मुख्याध्यापिकेला अटक झाली. तपासायला लावणाऱ्याही बायकाच होत्या, तेव्हा प्रश्न फक्त पुरुष शिक्षकांचा नाही.

एखादी मुलगी दर आठवड्याला ‘हलकं’ म्हणत असेल तर पाळीशिवाय वेगळं काही बिनसलंय. वर्गातला त्रास, कपड्यांची लाज, घरचं काम, काहीही असेल. ते शोधा.

पाळीत पळलं, उड्या मारल्या तर गर्भाशय खाली येतं का? पुढे मूल होत नाही का?

नाही. दोन्ही नाही.

रथसप्तमीला शाळेत सूर्यनमस्कार असतात. पाळी असेल तर?

शरीराच्या दृष्टीने चालतं. पुढे वाकताना पोटावर दाब येऊन कळ वाढत असेल तर ते आसन सोडायचं. शीर्षासन, सर्वांगासन पाळीत करू नये असं बरेच योगशिक्षक सांगतात. ज्यांना त्या परंपरेने जायचं त्यांनी जावं. सूर्याला नमस्कार म्हणजे पूजा, म्हणून पाळीत नको, असं काही घरांत मानतात. मी त्यात पडत नाही. मात्र शाळेने एखाद्या मुलीला रांगेतून बाहेर काढता कामा नये. थांबायचं की नाही हे ती ठरवेल.

कळा कमी झाल्या, पण मुलगी पळताना लगेच दमते. का?

हिमोग्लोबिन तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. दर दहांत सहा. म्हणजे माझ्या बारा जणींच्या संघात सात. या मुलींच्या बाबतीत आपण ‘स्टॅमिना नाही’ म्हणून फेऱ्या वाढवतो. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी लोहाची असते. ती बेंचखाली पडलेली मी पुष्कळदा झाडून काढलीय. जेवणानंतर घ्यायची, चहासोबत नाही. शौचाला काळी होते, घाबरायचं नाही. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आठवड्याच्या एका गोळीवर न थांबता डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांकडे कधी न्यायचं?

दुखण्यामुळे दर महिन्याला शाळा बुडते, वेळेवर गोळी घेऊनही दोन-तीन महिने फरक नाही, कळा महिन्यागणिक वाढतायत, पाळी नसतानाही ओटीपोट दुखतं, तासा-दोन तासांत पॅड भिजतं, सात दिवसांपेक्षा जास्त जातं, किंवा ताप आणि घाण वास येणारा स्राव आहे, यांपैकी काहीही असेल तर न्या. एंडोमेट्रिओसिससारखा (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा) आजार किशोरवयातही असतो, आणि ‘सगळ्यांनाच दुखतं’ या वाक्याखाली तो वर्षानुवर्षं झाकला जातो.

दोन गोष्टी वेगळ्या सांगते, कारण त्या कुणाच्या लक्षात येत नाहीत. पाळी अजून आलेलीच नाही, पण दर महिन्याला तीन-चार दिवस ओटीपोट दुखतं, अशी मुलगी असेल तर थांबू नका. कधीकधी पाळी सुरू झालेली असते, पण योनीमार्गावर जन्मजात पडदा असल्याने रक्त बाहेर येत नाही. तो छोट्या शस्त्रक्रियेने उघडता येतो. आणि दुसरी : भरपूर सराव करणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने आलीच नाही तर ‘सुटली कटकट’ म्हणू नका. खाणं कमी आणि सराव जास्त झाला की शरीर पाळी बंद करतं, त्यासोबत हाडंही कमजोर होतात. लांब पल्ल्याच्या धावपटूंत हे जास्त दिसतं. तिचं जेवण वाढवा आणि डॉक्टरांना दाखवा.

‘लग्न न झालेल्या मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे कसं नेऊ, आतून तपासतील’ म्हणून आया मागे राहतात. किशोरवयीन मुलीच्या पाळीच्या दुखण्यासाठी सहसा प्रश्न विचारतात, पोट बाहेरून तपासतात, लागलंच तर पोटावरून सोनोग्राफी करतात. त्यासाठी पाणी पिऊन लघवी रोखून धरावी लागते, त्रास तेवढाच. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतात. तिथे मुलगी हे सगळं बोलू शकते.

मग हजेरीपटात काय लिहायचं?

‘पाळी’ असं लिहू नका, तो पट दहा जण बघतात. तारखाही प्रशिक्षकाने ठेवायच्या नाहीत. मुलीने स्वतःच्या वहीच्या शेवटच्या पानावर ठेवाव्यात : कधी आली, किती दुखलं, गोळी कधी घेतली, त्या दिवशी काय खेळलं. तीन-चार महिन्यांची ती नोंद डॉक्टरांपुढे ठेवली की अर्धी तपासणी तिथेच होते.

मी आता कारणाचा रकाना काढून टाकलाय. त्या जागी ‘आज काय केलं’ असा रकाना आहे. पूर्ण सराव, अर्धा सराव, फक्त वॉर्मअप, गुणलेखन, आराम. सुरुवातीला जिच्या ओळीवर बोट थांबलं ती नववीतली मुलगी आता अकरावीला तालुक्याच्या कॉलेजात आहे, एकोणीसच्या गटात खेळते. ती गेल्यावर तिच्या धाकट्या बहिणीचं नाव पटावर आलं. मागच्या मंगळवारी तिच्यापुढे लिहिलंय : ‘घड्याळ लावलं. दोनदा चुकलं.’